पडलेल्याच्या मागं कोणी उतरायचं नाही

"दार लाव! दार लाव बे दिन्या! माणसं चालले ना खाली!"

तू ओरडत होतास मिलिंद, आणि असा ओरडत होतास की समोरच्या रसवंतीचा चरक थांबला. हा प्रसंग मी लोकांना सांगतो तेव्हा तुझ्या आवाजानं मोताळ्याच्या स्टँडवरून बुलढाण्याची बस दहा मिनिटं आधीच सुटली, असंही ठोकून देतो. बस काही सुटली नव्हती. पण रसवाला मात्र हात पुसत माझ्या दुकानात डोकावला होता.

"कोन पडलं?"

"पैलवान पडला," तू स्क्रीनवरची नजर न हलवता म्हणालास. "अन् ह्या बैताडानं दार उघडं ठेवलं."

रसवाला बिचारा पैलवान शोधायला रस्त्यापर्यंत जाऊन आला.

पैलवान आपल्या कॉम्प्युटरवरच्या खेळातला माणूस होता. दुपारी दोन ते चार फॉर्म भरायचा सर्व्हर झोपायचा, गिऱ्हाईक उन्हाला भिऊन घरी बसायचं, आणि तू वायरीचं बंडल खांद्यावरून उतरवून माझ्या दुकानात शिरायचास. मग आपण दोघं एका गोठलेल्या चंद्राच्या पोटात वस्ती वसवायचो. वर श्वास घ्यायला हवा नाही, खाली अंधार, आणि मध्ये आपली तेवीस माणसं. बाहेर मी ती नऊशे सांगायचो. तू कधी खोडलं नाहीस, फक्त म्हणायचास, "नऊशेले पुरंन एवढं शेवाळ कुठून आणतू, थे सांग मंग."

शेवाळ ही तुझी जात. म्हणजे खेळातली. शेवाळाच्या टाक्या लावायच्या, त्यातून हवा मिळवायची, वीज हवी तर माणसांना चाकावर पळवायचं, खायला अळिंबी. सगळं हळू, सगळं मोजून, मरण कुठंच नाही. आणि वस्तीच्या अगदी तळाशी होता तो जांभळा खडक. एक फोडला तर वस्तीला वर्षभराची ऊब आणि वीज. पण फुटताना त्यातून जड वायू निघायचा. तो वर चढत नाही, तळाशी पसरून बसतो, पाण्यासारखा. त्यात जो उतरला तो गुडघ्यावर, आणि मग आडवा.

त्या दिवशी तू चहा सांगायला बाहेर गेला होतास आणि मी पैलवानाला कुदळ देऊन खाली पाठवलं. खडक फुटला. पैलवान पडला. आणि तिथंच त्या खेळाची खोड कळली. कोणी पडलं की जो माणूस मोकळा असेल तो हातातलं काम टाकून त्याला उचलायला पळतो. आपल्याला विचारत नाही. दुसरा गेला, तो पडला. त्याच्यामागे तिसरी. एकच उपाय, वरचं दार बंद करायचं आणि माणसांना दारावर धडका मारू द्यायच्या. तू आलास, ओरडलास, माझ्या हातातला माऊस हिसकलास आणि दार लावलंस. तोवर पाच गेली होती.

पाच. मी गावात पन्नास सांगितली.

दुसऱ्या दिवशी तू कागद आणलास. वायरमनचं अक्षर, डब्यावर स्विचांची नावं लिहितात तसं, ठळक आणि सुटं सुटं: 'पडलेल्याच्या मागं कोणी उतरायचं नाही.' मॉनिटरच्या वरच्या कडेला काळ्या वायरच्या टेपनं चिकटवलास. उत्पन्नाच्या दाखल्याला आलेले म्हातारे तो वाचायचे आणि मान डोलवायचे. एकानं तर "कोन्या महाराजाचं वचन व्हय?" म्हणून विचारलं, आणि मी बिनदिक्कत "हाव" म्हणालो.

त्या कागदाखाली बसून आज हे लिहितोय. आणि संतापलोय. रडून झालं, ते दवाखान्यातच उरकलं. आता नुसता संताप आहे.

लोक येतात, खुर्ची ओढतात आणि म्हणतात, "देवमाणूस होता." तुझ्या घरी पुण्यानुमोदनाच्या दिवशीही एक जण हेच म्हणाला. देव न मानणाऱ्या माणसाच्या घरात बसून त्यालाच देव करून मोकळा झाला. मला दोन शब्द बोलायला उभं केलं. मी म्हणालो, मिलिंद देवमाणूस नव्हता. तो चिकट होता. शेवाळाच्या एका टाकीसाठी माझ्याशी चार दिवस बोलला नव्हता. तो हट्टी होता. मेन बंद असला तरी तीनदा टेस्टर लावायचा, आणि तीनदा का म्हणून विचारलं तर म्हणायचा, "पयल्यांदा वायर तपासतो, दुसऱ्यांदा टेस्टर तपासतो, तिसऱ्यांदा स्वतःले." आणि तो खोटारडा होता. इथं माझा आवाज चढला. एवढं लिहून ठेवलं आणि वागला नाही, असं म्हणून मी ओरडायला लागलो. कोणीतरी मला हाताला धरून खाली बसवलं. सुनीता वहिनी पांढऱ्या साडीत समोर बसली होती. तिनं पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला.

वहिनी माझ्याशी नीट बोलते रे. तेच सहन होत नाही. तिनं एक थोबाडीत मारली असती तर माझी निम्मी आग विझली असती. ती विचारते, "जेवला का दिनूभाऊ?"

मी जेवतो. दोन्ही वेळेला. तुझ्यामुळे जेवतो, आणि घास तोंडाशी नेताना तुला शिव्या घालतो.

आपलं भांडण अर्धं राहिलं. ते तरी पुरं करून जायचं होतंस. शेवटच्या आठवड्यात आपल्या वस्तीतलं शेवाळ संपत आलं होतं. तू तो आकडा स्क्रीनच्या कोपऱ्यात पाहायचास आणि दाढी खाजवायचास. मी म्हणालो, "पाह्य मिल्या, तुहा सुरक्षित खेळ आम्हाले मारूनच राह्यला ना? फक्त हळू मारून राह्यला. खडक फोडला तर दोघंतिघं जातीन, बाकीचे वर्षभर जगतीन. नाही फोडला तर सगळेच जातीन, लाईनीत, शिस्तीत."

"दोघंतिघं म्हंजे कोन?"

"कोनीबी."

"नाव सांग."

उरलेल्या अठरा नावांची यादी समोर होती. मी ती वरून खाली, खालून वर केली.

"नाव सांगता येत नाही ना? मंग फोडायचा नाही. थांबू. दुसरा रस्ता सापडंन."

"अन् नाही सापडला तं?"

"तं मंग इचार करू. इचार न करता तं फोडायचाच नाही बे."

माझी बाजू अजूनही बरोबर आहे, मिलिंद. तू गेलास म्हणून मी हरलो असं होत नाही. नुसतं थांबणं म्हणजे वाचणं नव्हे, हे मी आजही टेबल बडवून सांगीन. पण समोर बसून "नाव सांग" म्हणणारं कोणी नसलं की टेबलावर हात दुखतो फक्त.

आता विहिरीचं.

विहिरीची गोष्ट मी आत्तापर्यंत चार तऱ्हेनं सांगितली. एकीत विहीर शंभर फूट आहे. एकीत नाग आहे. एकीत मी शुद्धीवर होतो आणि तुला "येऊ नको" म्हणून ओरडलो. ती तिसरी मला फार आवडते. तुला खरी सांगतो, कारण तुझ्यापुढं थाप कधी टिकलीच नाही.

धामणगाव बढ्याच्या शिवारात माझ्या दगडूमामाचं वांग्याचं वावर. डीपी जळालेली, आठ दिवस लाईन नाही. पाणी तळाला गेलेलं, म्हणून मामानं डिझेलचं इंजिन विहिरीच्या आत, पंचवीसेक फुटांवरच्या दगडी टप्प्यावर उतरवलं होतं. आपल्याकडं सगळेच उतरवतात. पाणी जवळ येतं आणि धूर जायला जागा राहत नाही, पण धूर दिसेनासा झाला की तो गेला असं आपण समजतो. तू आला होतास मामाचा स्टार्टर पाहायला, मी आलो होतो फुकटची वांगी न्यायला. दीड तास चालून इंजिन बंद पडलं. वाफ्यांत पाणी अर्ध्यावर आलेलं.

"मी पाह्यतो," मी चप्पल काढत म्हणालो.

"थांब," तू म्हणालास. "अर्धा घंटा जाऊ दे. मामा, निंबाचा डहाळा तोडून आना, दोराले बांधून खालीवर करू. हवा हालंन."

"कंदील सोड अन् पाह्य. जळत राह्यला तं झालं."

"ह्या धुराले कंदीलबी नाही वळखत, दिन्या. थांबनंच खरं."

मामा डहाळा तोडायला बांधावर गेला. मी काठावर उभा राहिलो. खाली इंजिन स्वच्छ दिसत होतं, वाससुद्धा येत नव्हता. आणि मला तुझा राग आला. वर्षानुवर्षं मला थांबवणारा तो तुझा शांत आवाज. मी म्हणालो, आणि हेच माझे तुझ्याशी शेवटचे शब्द आहेत, चार तऱ्हांतल्या एकाही गोष्टीत मी ते सांगितलेले नाहीत: "हा तुहा गेम नाही बे, भित्र्या."

आणि लोखंडी कड्यांवर पाय देत उतरलो.

टप्प्यावर पाय टेकला तेव्हा काहीच झालं नाही. मी वर पाहून हसलोदेखील. मग इंजिनाच्या हँडलला हात घातला आणि गुडघे कापसाचे झाले. तेवढंच मला माहीत आहे. पुढचं सगळं दुसऱ्यांनी सांगितलेलं.

तू कमरेला दोर बांधून उतरलास. दोर एकच होता. शेजारच्या वावरात निंदण करणाऱ्या चार बाया मामाच्या आरडाओरड्यानं पळत आल्या, त्यांनी आणि मामानं दोर धरला. तू टप्प्यावर पोचलास, तुझ्या कमरेचा दोर सोडलास आणि माझ्या काखेतून घालून बांधलास. वायरमनची गाठ. दवाखान्यात ती सुटेना म्हणून कापावी लागली म्हणे. दोन झटके दिलेस, त्यांनी ओढलं, मी वर आलो. दोर परत खाली सोडला तेव्हा तो बांधून घ्यायला कोणी उभं नव्हतं.

एक बाई पदर खोचून कड्यांकडं निघाली होती. मामानं तिचा दंड धरला आणि ओरडला, "कोनी उतरायचं नाही!" त्यानं तो कागद कधी वाचलेला नाही. तो माझ्या दुकानात आजवर आलेला नाही. तासाभरानं मोठ्या पंख्याची सोय होऊन माणसं खाली गेली, तोवर मी बुलढाण्याच्या रस्त्यावर कोणाच्यातरी गाडीत होतो.

म्हणजे दार लावलं गेलं. फक्त एक माणूस उशिरा.

कळतंय का तुला मी काऊन भडकलोय? नियम कोणाचा होता? टेप कोणी लावली? पाच माणसं गेली तेव्हा महिनाभर मला टोमणे कोणी मारले? "दिनेशराव, आज कोनाले पाठवता खाली?" म्हणून रसवाल्यापुढं माझी लाज कोणी काढली? आणि कमरेचा दोर सोडायचा? साध्या खांबावर चढताना पट्ट्याचं बक्कल दोनदा ओढून पाहणाऱ्या माणसानं? अरे, मी केलं असतं तर शोभलं असतं. मी आहेच तसा. गावानं म्हटलं असतं, दिन्या जन्मभर बाता मारायचा, शेवटी एक खरी करून गेला. तू माझी गोष्ट चोरलीस, मिल्या. आणि मला तुझ्या जागी बसवून गेलास, या खुर्चीत, थांबायला.

हे दुकानसुद्धा तुझंच खातोय. दारासमोर तू खणलेला अर्थिंगचा खड्डा आहे, कोळसा आणि मीठ भरलेला. "उन्हाळ्यात रोज एक बादली पाणी टाकत जाय," म्हणाला होतास, आणि मी टाकलं नाही की तू स्वतः येऊन टाकायचास. एका पावसाळ्यात वीज पडली आणि गल्लीतले सगळे टीव्ही गेले, पंखे गेले, पिठाच्या गिरणीची मोटर गेली. मी सांगताना म्हणतो की ती वीज माझ्या दुकानात शिरली, तुझं काम पाहिलं आणि नमस्कार करून निघून गेली. यातलं खरं एवढंच की माझा कॉम्प्युटर वाचला. तू आलास, कॉम्प्युटर पाहिला नाहीस, आधी माझे हात उलटेपालटे करून पाहिलेस. "कुठं झटका तं नाही बसला?" मग खुर्चीवर बसलास आणि म्हणालास, "लाव. शेवाळ पाह्यू."

मी तेव्हा आभार मानले नाहीत. आपल्यात कोणी मानतं का? मी म्हणालो, "मिठाचे पैसे घेऊन जाय." तू हसलास. एवढ्यावर भागलं.

आता बादली मी टाकतो. रोज. शिव्या देत.

परवा दुपारी वस्ती उघडली. सर्व्हर झोपला होता, रस्ता पांढरा पडला होता. सगळी माणसं होती तिथंच थांबलेली, एक जण चाकावर, एक पाय हवेत. आपल्यापैकी कोणाचं नाव त्यांना द्यायचं नाही, असं तू ठरवलं होतंस. "आपलं नाव दिलं तं खेळता येत नाही," म्हणायचास. बरं केलंस. मी बाण खाली खाली नेला, जांभळ्या खडकापर्यंत. फोडणारच होतो. तुला डिवचायला. ये वर आणि ओरड, म्हणून. नावं सांगायची यादी काढली. पहिल्याच नावावर बोट थांबलं आणि मी खेळ बंद केला. शेवाळ तेवढंच आहे. तुझा दुसरा रस्ता मला सापडलेला नाही. मी काही शोधलाही नाही.

खरं सांगू? खडकाचं भांडण मी असंच पडू देईन. मला दुसरीच गोष्ट हवी आहे. तू काठावर उभा होतास, मी खाली पडलेला होतो. तेव्हा तू काय केलंस? त्या खेळातल्या माणसांसारखा हातातलं टाकून नुसता पळालास? तसं असेल तर माझं सोपं आहे. मग मी तुला जन्मभर बैताड म्हणीन, तुझ्या फोटोपुढं उभा राहून म्हणीन, नियम लिहितो आणि विसरतो म्हणून. चूक झाली, पाय घसरला, संपलं. पण तू जर विचार करून उतरला असशील, एका बाजूला सुनीता वहिनी, तुझं घर, तू, आणि दुसऱ्या बाजूला तुला नुकताच भित्रा म्हणून गेलेला मी, आणि हे सगळं तोलून उतरला असशील, तर मग मी कुठं तोंड लपवू? तेवढ्या वजनाचा मी नाही रे. मला विचारलं असतंस तर मीच सांगितलं असतं. नाव सांग म्हणणारा तू. माझं नाव आलं तेव्हा कसा हिशेब चुकलास?

हे सांगू शकणारा माणूस एकच होता, आणि तो मला टाळत होता. दवाखान्यात मामा आला तो भिंतीकडं पाहत बसला. पुण्यानुमोदनाला आला तो दाराशीच उभा राहिला. शेवटी काल मीच धामणगावला गेलो. विहिरीतून काढलेलं इंजिन बांधावर पडलं होतं, आणि मामा वांगी तोडत होता. मी पाटीजवळ उभा राहिलो. बसलो असतो तर विचारता आलं नसतं.

"मामा, मी पडलो तवा मिलिंद कुठं होता?"

"काठावर."

"लगेच उतरला का?"

मामानं एक वांगं देठाजवळ वळवून तोडलं आणि पाटीत ठेवलं.

"मामा, खरं सांगजो. घाबरून उतरला का? इचार न करता?"

"नाही."

"मंग? काही म्हनला का नाही?"

"दोर बांधता बांधता मले इचारलं, दिनूले पडून किती मिनिटं झाले. म्या म्हनलं, झाले असतीन तीनेक. 'मंग वाचंन थो. जमते,' म्हनला."